मोझेसचे तीनच डाव

वाद घालणाऱ्याला दुसरं काही नको असतं. समोरच्याने उलट बोलावं, एवढंच हवं असतं. समोरचा नुसता गालात हसत बसला तर वाद घालणारा येडा दिसतो. मी गेली चार वर्षं असा येडा दिसतो आहे, आणि त्याला एकटा निंबा जबाबदार आहे.

निंबा आणि मी सुरतेजवळ कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्यात शेजारी शेजारी कारीगर आहोत. दहा लूम त्याचे, दहा माझे, मधे हातभर वाट. तो पारोळ्याकडचा, मी परभणीकडचा. सुरतेला आलो तेव्हा दोघंही विशीतले होतो. नवागामात एका खोलीत आठ जण राहायचो आणि खोलीमालकाच्या ओट्यावर उभं राहून त्याच्या टीव्हीवर विलायती कुस्त्या बघायचो. वाद तेव्हापासूनचा. त्याचा पहिलवान बिग मोझेस, माझा जेट कॉलिन्स.

आता यात भांडण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा. जेट कॉलिन्स एकोणीस वर्षं रिंगणात आहे. पाच वेळा पट्टा जिंकला. बेचाळीस डाव येतात. मी मोजलेत, वहीत लिहिलेत. वरच्या दोरावर उभा राहून हवेत दोन कोलांट्या घेतो आणि खाली पडलेल्याच्या छातीवर असा उतरतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. आणि मोझेस? दीडशे किलोचा धोंडा. डाव तीन. एक, समोरच्याला मानेला धरून उचलायचं. दोन, पाठीवर आपटायचं. तीन, त्याच्यावर पडायचं. संपली विद्या. पट्टा दोनदाच मिळाला, त्यातही एकदा समोरचा आजारी पडला म्हणून.

पण लोकप्रियता म्हणाल तर कपाळावर हात मारायची वेळ. मोझेस येताना दिसला की अख्खं स्टेडियम उभं राहतं. इकडे सुरतेत कोणीतरी त्याच्या तोंडाची डबल बेडशीटही छापली होती. निंब्याने ती दिवाळीला घेतली. त्याची बायको मंगलावहिनी बिचारी आजही त्या राक्षसाच्या नाकावर झोपते.

माझी बायको शोभा म्हणते, "अहो, ते समदं ठरवून असतंय. कोन जितनार ते आधीच ठरलेलं. तुमी कशाला रक्त आटवायलाव?" ठरवून असतं हे मलाही कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. सोंग ठरलेलं असलं तरी ते वठवायला माणूस लागतो की नाही? नाटकातला राजा खरा राजा नसतो, म्हणून काय कोणीही उठून मुकुट घालावा?

माझा निंब्याला एकच सवाल होता. तीन डावांचा माणूस पहिलवान कसा? बस. याचं उत्तर दे, नाहीतर जेट मोठा म्हण. पूर्वी तो उत्तर द्यायचा. पटण्यासारखं नसायचं, पण द्यायचा, तावातावाने द्यायचा. एकदा तर चहाचा ग्लास फोडला होता. पण गेली चार वर्षं बघतो आहे, चहाच्या टपरीवर मी घसा कोरडा करायचा, आकडे सांगायचे, सालं सांगायची, आणि हा तंबाखू मळत माझ्या तोंडाकडे बघणार, मान हलवणार आणि शेवटी म्हणणार, "मना मोझेस तो मोझेस शे." नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

डोक्यात तिडीक जायची ती याने, की कारखान्यात मात्र तो बरोबर भिडायचा. दोनशे लूम एकाच वेळी चालतात तिथे तोंडाने कोणी बोलत नाही. तिथे सगळं हाताने. तार तुटली, चहा आला, माझ्या लूमकडे बघ मी जाऊन येतो, या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. कारखान्याचा मास्तर येतोय याची खूण म्हणजे स्वतःचा कान पिळायचा. पहिलवानांच्या खुणा आम्ही दोघांनी बसवल्या होत्या. दोन बोटं हवेत उलटवली की जेट. छातीवर मूठ दोनदा आपटली की मोझेस. मी बोटं उलटवायचा अवकाश, निंबा पंधरा फुटांवरून छाती बडवणार, वर अंगठा नाचवून मला चिडवणार. पण दहा लूम सांभाळताना यापुढे वाद जात नाही. खरा वाद घालायचा तो चहावर, आणि चहावर हा ढिम्म.

शिवाय त्याच्या नाना तऱ्हा. मोबाइलवर कुस्ती बघायची तीही आवाज बंद करून. मी म्हटलं, "आरं, समालोचन ऐकल्याबिगर तुला काय कळनार? कोनता डाव, कितवी येळ, ते सांगतेत की ते." तर म्हणे, "बॅटरी जास." आवाजाने बॅटरी जाते म्हणणारा हा जगातला पहिला माणूस. आणि मधेच, काही कारण नसताना, "मिशा कापी टाक ना भो." माझ्या मिशा झुपकेदार आहेत, वरच्या ओठावरून खाली उतरलेल्या, बापाकडून आलेल्या. मुद्दा सुचला नाही की माणूस मिशीवर घसरतो, हे मी ओळखून होतो.

असं असताना पंडितने ती काडी टाकली. पंडित म्हणजे आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा सेक्रेटरी. जन्म सुरतेतला, मोबाइलच्या कव्हरचं दुकान, तोंडात तिन्ही भाषा एकदम. टपरीवर आमचं रोज ऐकून त्याचे कान किटले होते. म्हणाला, "काका, एक बार फायनल करी नाखो ने! गणपतीच्या सहाव्या दिवशी रविवार आहे, दुपारी चारला स्टेज रिकामं. तुमच्या दोघांची जाहीर लढत. तीन फेऱ्या. करियर, डाव आणि पॉप्युलॅरिटी. बन्सीलाल मास्तर जज. जो जितेगा उसको पाच लिटरचा कुकर."

मी लगेच हो म्हणालो. निंब्यानेही मान हलवली. तो हल्ली सगळ्यालाच मान हलवायचा.

बन्सीलाल मास्तर म्हणजे आमच्याच कारखान्यातला. लूम बिघडला की तो दुरुस्त करतो, आणि कारीगर बिघडला की त्याला काढतो. याच गल्लीत राहतो. तरुणपणी खानदेशातल्या जत्रांत कुस्त्या मारलेल्या, म्हणून त्याला जज केलं. माणूस वाईट नाही, पण एका बाबतीत कडक. लूम बिघडायच्या आधी आवाज बदलतो, तो कारीगराने ऐकलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मागच्या वर्षी दत्तूचे कान गेले हे कळल्यावर मास्तरने त्याला लूमवरून उठवून बॉबिन वाहायला लावलं. बावीस वर्षं लूम चालवलेला कारीगर. दोन महिन्यांत दत्तू गावी निघून गेला. तेव्हापासून मास्तर दिसला की सगळेच जरा कान टवकारल्यासारखं करतात. निंबा मात्र आपला लूमच्या अंगावर तळहात ठेवत हिंडतो, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मला वाटायचं, ही त्याची ऐट आहे.

गल्लीत पोस्टर लागलं. डावीकडे निंबा, उजवीकडे मी, मधे मोझेस आणि जेट, आणि त्यांच्याही वर गणपती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलावहिनी आमच्या घरी आली. कधी एकटी येत नाही. दारातच उभी राहिली.

"भाऊ, हाई स्टेजनं कॅन्सल करा ना."

"का बरं?"

"तसंच. त्यास्ले स्टेज जमत नही. मी हात जोडस."

शोभाने मला कोपर मारलं, म्हणजे ऐका. मी का ऐकू? चार वर्षं ज्याने माझ्या एका सवालाला उत्तर दिलं नाही, तो आता बायकोला पुढे करून पळ काढतो आहे, असंच मला दिसलं. म्हणालो, "वहिनी, त्याला म्हनावं, घाबरलास तर माझ्यासमोर येऊन सांग. जेट मोठा म्हन, मी आत्ता जाऊन पोस्टर फाडतो."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. काहीतरी सांगेल असं वाटलं. मग "बरं" म्हणून निघून गेली. शोभा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी वहीतले आकडे पाठ करत बसलो.

रविवारी चार वाजता मंडप भरला. एवढी माणसं आरतीलाही नसतात. निम्मे आमच्या कारखान्याचे आणि आजूबाजूचे लूमवाले, बाकी बायका आणि पोरं. स्टेजवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, निंब्याच्या खुर्चीमागे माणसाएवढा स्पीकर. पंडित आमच्या मागे माइक घेऊन उभा. समोर पहिल्या रांगेत लग्नातली लाल खुर्ची टाकून बन्सीलाल मास्तर. निंब्याने पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही.

"पहिली फेरी, करियर!" पंडित ओरडला. "बाबूकाका!"

मी बोललो, आणि चांगलं बोललो, खोटं कशाला सांगू. एकोणीस वर्षं, पाच पट्टे, कोणत्या साली कोणाकडून जिंकला, खांदा निखळलेला असताना कसा लढला. टाळ्या पडल्या.

"अब निंबाकाका. मोझेसचं करियर बोलो."

पंडितने मागून माइक पुढे केला. निंब्याने आधी माइककडे बघितलं, मग लोकांकडे, आणि भसाड्या आवाजात म्हणाला, "मना मोझेस रिंगमा उना का बठ्ठा लोक उभा ऱ्हातस!"

लोक हसले. पंडित म्हणाला, "काका, ते तिसऱ्या फेरीत. आत्ता करियर." निंबा समाधानाने माइक परत देऊन बसला.

मास्तरने वहीत काहीतरी लिहिलं. दुसरी फेरी डावांची. मी याच फेरीसाठी जगत होतो. उभा राहिलो, बेचाळीस डाव बोटांवर मोजून सांगितले, आणि निंब्याकडे वळून माझा सवाल टाकला. "तीन डावांचा मानूस पहिलवान कसा, ते सांग. सगळ्यांसमोर सांग."

निंबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "दिवाईले मी त्यानी चादर लिन्ही."

आता हसू नाही, हशाच झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, "चादर आणा, चादर!" निंबाही लोकांबरोबर हसला. आणि माझं डोकं फिरलं. मी निंब्याच्या हातातला माइक ओढला.

"आरं, विचारतो काय अन् सांगतो काय! चार वर्सं हेच चाललंय. कान हायत का नुसती भोकं?"

मंडप खदखदला. आणि मी रागाच्या भरात माइक घेऊन पुढे सरकलो तो थेट स्पीकरच्या तोंडासमोर. अशी शिट्टी निघाली की विचारू नका. दाताला कळ जावी अशी शिट्टी. अख्ख्या मंडपाने कानात बोटं घातली. मास्तर खुर्चीत आकसला. पुढच्या रांगेतलं तान्हं मूल किंचाळून उठलं. पंडित वायर उपटायला धावला.

निंबा तसाच बसला होता. स्पीकर त्याच्या कानापासून हातभर. डोळ्याची पापणी हलली नाही. माझ्या मिशीकडे बघत, हसत, मी पुढे काय म्हणतो याची वाट बघत होता.

मी माइक खाली केला. शिट्टी थांबली. बायकांत मंगलावहिनी बसली होती. तिने पदर तोंडात कोंबला होता आणि माझ्याकडे बघत होती. बॅटरी जास. मिशा कापी टाक. लूमच्या अंगावरचा तळहात. सगळं एकदम येऊन माझ्या टाळक्यात बसलं.

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात दयामाया काही आली नाही. मला संताप आला. चार वर्षं हा माणूस रोज माझ्यासमोर बसून माझा चहा पीत होता, माझे आकडे, माझी सालं, माझे बेचाळीस डाव, यातला एक शब्दही त्याच्या कानात गेला नव्हता, आणि त्याने मला सांगितलं नव्हतं. मला! मी चार वर्षं कोणाशी वाद घालत होतो?

तेवढ्यात मास्तर खुर्चीतून उठला. आधी हसतच म्हणाला, "काय रे निंबा, ऐकू येत नाही का?" निंब्याचं लक्ष माझ्याकडेच. मास्तरचं हसू जरा कमी झालं. तो एक पाऊल पुढे आला, मान वाकडी करून. "निंबा?"

लोक अजून हसत होते. पंडित कानाशी येऊन कुजबुजला, "बाबूकाका, कुकर तुमचा. डिक्लेर करू?"

कुकर घेऊन काय डोक्यावर ठेवू? मला उत्तर पाहिजे होतं. मी माइक तोंडाशी धरला आणि ओरडलो, "मास्तर, थांबा! बसा खाली. ही कारखान्यातली कुस्ती हाय, ती कारखान्याच्या भाषेतच झाली पाहिजे. तोंडानं काय, कोनबी बोलतंय. आता हातानं!"

लूमवाल्यांनी आरोळी ठोकली. मास्तर उभाच होता. मी माइक काखेत धरला, निंब्यासमोर उभा राहिलो आणि छातीवर मूठ दोनदा आपटली. मोझेस. तीन बोटं दाखवली. मग तळहात उताणा करून हलवला. कसा?

निंबा खुर्चीत सरळ झाला. चार वर्षांत मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. एखाद्याला त्याचं हरवलेलं पाकीट कोणी आणून द्यावं तसा. त्याने मला हाताने थांब म्हटलं, बाह्या सरसावल्या आणि उठला.

बायकापोरांना आमच्या खुणा कळत नव्हत्या. ते ओरडायला लागले, "काय म्हणतोय? काय म्हणतोय?" पंडितला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी मलाच माइक तोंडाशी धरून सांगावं लागलं. स्वतःच्या विरुद्ध समालोचन करणारा मी पहिलाच असेन.

"त्यो म्हनतोय... जेट. जेट वर चढला. उडी मारली. बरं. खाली कोन?" निंब्याने खाली बोट दाखवलं. "खाली एक मानूस पडलेला हाय. त्यानं दोन्ही हात वर केले. जेटला झेललं." निंब्याने स्वतःचे हात वर करून अंगावर ओझं झेलल्यासारखं केलं, मग माझ्याकडे बोट, मग डोळ्यांकडे बोट. "म्हनतोय, तू बघितलंस का? जेट उडतो, पन त्याला झेलनारा खालचा असतो. जेट खाली बघत नाही. उतरतो तसाच."

त्याने एक बोट वर केलं आणि मान मोडल्याची खूण केली. दुसरं बोट, गुडघा. तिसरं बोट, पाठ. मग तिन्ही बोटं हवेत उडवून दिली. गेले.

ते तिघे मला आठवले. तिघांची नावं माझ्या वहीत होती, जेटने हरवलेल्यांच्या यादीत. एकाचं नाव तर तीन वर्षांपूर्वीच्या कुस्तीनंतर पुन्हा आलं नाही. समालोचनात म्हणाले होते, दुखापतीमुळे निवृत्त, आणि लगेच जेटचं संगीत वाजलं होतं. मी ते ऐकलं होतं. निंब्याने संगीत ऐकलं नव्हतं, म्हणून त्याला तो माणूस उचलून नेताना दिसला होता.

"काय म्हणतोय?" मागून बायका.

"म्हनतोय, जेटनं तीन मानसं कायमची मोडली," मी सांगितलं.

निंब्याने छातीवर मूठ दोनदा आपटली. मोझेस. आणि पुढच्या खुणा करायच्याऐवजी त्याने सरळ माझ्या मानेला हात घातला. निंबा चाळिशी ओलांडलेला असला तरी अंगाने थोराड आहे, मी काटकुळा. मला काही कळायच्या आत माझे पाय स्टेजवरून सुटले. शोभा किंचाळली. मंडप उभा राहिला. मी हवेत आडवा झालो आणि फळ्यांवर आदळलो.

आवाज मोठा झाला. पण तो माझ्या डोक्याचा नव्हता. निंब्याने दुसरा पाय फळीवर आपटला होता, त्याचा होता. माझी पाठ हळू टेकली होती, आणि डोक्याखाली त्याचा तळहात होता. खरबरीत, तेलकट, बोटाला तार कापल्याच्या जुन्या खुणा असलेला. डोकं फळीला लागलंच नव्हतं.

तो माझ्यावर वाकून मला ते दाखवत होता. मोकळ्या हाताने माझ्या डोक्याखालच्या हाताकडे बोट, मग डोळ्यांकडे बोट. बघ. दर वेळी. मग पंजा तीनदा उघडला, आणि वर दोन बोटं. सतरा वर्षं. मग एका हाताने मान मोडल्याची खूण आणि ती पुसून टाकली. एकही नाही.

माइक माझ्या छातीवर पडला होता. मी पडल्या पडल्याच तोंडाशी घेतला. "म्हनतोय, मोझेस ज्याला आपटतो त्याच्या डोक्याखाली दर बारीला हात घालतो. सतरा वर्सांत एकबी मानूस मोडला नाही. म्हनतोय, डाव तीनच हायत, पन..." मी माइक नीट धरला. "पन समोरचा घरी चालत जातो."

मास्तर खाली बसला होता. जत्रेत लढलेला माणूस, त्याला ते लगेच कळलं असणार. तो टाळ्या वाजवत होता आणि शेजारच्याला सांगत होता, "हा खरा डाव. हा खरा." निंब्याच्या कानाचा विषय त्याच्या डोक्यातून निघून गेला होता.

निंब्याने मला हात देऊन उठवलं. मग दोन पावलं मागे सरकला आणि तळहात उताणा करून माझ्यापुढे हलवला. आता तू बोल.

मी हात वर केले. बेचाळीस डाव होते माझ्याकडे. त्यातला एकही हाताने सांगता येईना, आणि सांगून उपयोगही नव्हता. मी हात खाली सोडले. चार वर्षं ज्याच्यासाठी जीव काढला ते उत्तर मला मिळालं होतं. चडफडत पंडितला म्हणालो, "कुकर त्याला दे."

कुकर मंगलावहिनीनेच घेतला. मंडप रिकामा होताना ती माझ्याजवळ आली, कुकर पोटाशी धरून.

"चार वरीस झायात, भाऊ. डाक्टर म्हने, मशीनना आवाजनी गया कान. कोनले सांगू नको म्हने, मास्तर काढी टाकी."

"मी मास्तर हाय का, वहिनी? मला का नाही सांगितलं?"

तिने निंब्याकडे बघितलं. तो स्टेजच्या पायरीवर बसून पोरांना छाती बडवून दाखवत होता.

"तुम्हले तर बिलकुल सांगू नको म्हने. बाबूले कळनं का तो मनासंगे वाद घालनं सोडी दी, म्हने."

शोभा म्हणाली चला, म्हणून निघालो. सगळ्या वाटेने मला त्याचा राग येत होता. एवढा अक्कलशून्य माणूस मी पाहिला नाही. वाद सोडेन? मी? अजून तिसरी फेरी बाकी आहे. लोकप्रियतेवर मला चिकार बोलायचं आहे, आणि ती चादर तर मी कधीच सोडणार नाही.

घरी आल्यावर आधी आरसा खिडकीत ठेवला आणि वस्तरा काढला. एका बाजूची मिशी उतरवली तेव्हा शोभा आतून आली आणि दारातच थबकली.

"आवो, हे काय करायलाव? बापाची मिशी ती!"

"असू दे."

"तोंड सोललेल्या बटाट्यावानी दिसायलंय."

"दिसू दे," मी म्हणालो आणि दुसऱ्या बाजूला साबण लावला. "निंब्याला ओठ दिसले म्हंजी झालं."